राजुलची आई

आमच्या ह्यांना शेजारच्या चौगुलेअण्णांनी नेलेली शिडी आठवली, पण मी आठवले नाही.

ह्यांच्या विसरण्याच्या आजारावर स्मरणी नावाचं यंत्र बसवून आम्ही मिरजेहून घरी आलो त्या दिवशीची गोष्ट. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. हल्ली रिक्षाला ड्रायव्हर नसतो, त्यामुळे उतरताना म्हाताऱ्या माणसाला हात द्यायलाही कोणी नसतं. मी एका बाजूने ह्यांना धरून उतरवत होते आणि समोरून अण्णा आले. वर्षभर हे अण्णांकडे भिंतीकडे बघावं तसे बघत होते. त्या दिवशी ह्यांनी नवा चष्मा नाकावर सारखा केला, अण्णांना नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "काय अण्णा, माझी शिडी कवा परत देताय?"

अण्णांना रडूच फुटलं. "देतो की भूपाल, आत्ता आणतो बघ," म्हणत ते खरंच शिडी आणायला घरात पळाले. गल्ली गोळा झाली. ह्यांनी एकेकाला नावानिशी हाक मारली. गिरणीवाल्याला त्याच्या गुडघ्याचं विचारलं. मी मागे उभी राहून वाट बघत होते. बक्षीस समारंभात आपलं नाव पुकारलं जाणार हे ठाऊक असलेल्या मुलीसारखी मी आतून फुलले होते, ते लपवायचं कशाला!

मग हे वळले. स्वतःच्या दंडावरचा माझा हात त्यांनी हळूच बाजूला केला.

"बाई, तुम्ही कोण? कुणाकडं आलाय?"

लोक हसले. भूपाल मगदूम पहिल्यापासून चेष्टेखोर, त्यांना वाटलं बायकोची फिरकी घेतायत. पण ह्यांच्या डोळ्यांत चेष्टा नव्हती. भीती होती, आणि ती मला बघूनच होती.

मी तीस वर्षं इचलकरंजीच्या हायस्कुलात भूगोल शिकवला. म्हणून मिरजेच्या केंद्रात डॉक्टरांनी स्मरणी समजावून सांगितली तेव्हा ती मला चटकन कळली होती. या आजारात आठवणी लगेच मरत नाहीत. आधी त्यांच्याकडे जाणाऱ्या वाटा बुजतात. गाव जागच्या जागी असतं, पूल तेवढा वाहून गेलेला असतो. स्मरणी हा नवा पूल. कानामागे कातडीखाली शर्टाच्या गुंडीएवढी चकती बसवतात, तिच्यातून केसाहून बारीक तारा मेंदूत सोडतात, आणि चष्म्याच्या दांडीत कॅमेरा असतो. कॅमेऱ्याला चेहरा दिसला की चकती त्या चेहऱ्याची फाईल शोधून उघडते आणि तारांमधून नेमक्या पेशींना जागं करते. माणसाला वाटतं, आपल्याला आपोआपच आठवलं.

त्या फाईली आधी तयार कराव्या लागतात. त्याला नोंदणी म्हणतात. माणसाला यंत्रात झोपवून, त्याच्या बुजलेल्या वाटा तेवढ्यापुरत्या मोकळ्या करून, एकेक फोटो दाखवायचा आणि त्याने मोठ्याने नाव घ्यायचं. नाव घेताना मेंदूत जे जे उजळेल ते गोळा करून त्या नावाने गाठ मारायची. एक माणूस, एक नाव, एक गाठ.

ह्यांच्या नोंदणीच्या वेळी मी काचेपलीकडे बसले होते. अण्णांचा फोटो आला, ह्यांनी नाव घेतलं. गिरणीवाल्याचं घेतलं. माझा फोटो आला आणि हे गप्प झाले.

"नाव सांगा काका," आतला मुलगा म्हणाला.

हे लाजले. सत्तरीचा माणूस, नाकातोंडाजवळ नळ्या, आणि गालावर लाली! आमच्या पिढीत, आमच्या गावात, नवऱ्याने बायकोला चारचौघांत नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. लग्नानंतर ह्यांनी मला पहिली दोन वर्षं 'अगं' म्हटलं आणि मग राजुल झाल्यावर 'राजुलची आई'. मीही त्यांना 'अहो'च म्हणत आले. चाळीस वर्षांत त्रिशला हे माझं नाव ह्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नव्हतं, आणि खरं सांगते, फार वेळा वाटलं होतं की ऐकावं.

"नाव कसं घेऊ?" हे म्हणाले. मग डोळे मिटून, हळू आवाजात, "राजुलची आई."

यंत्राने ते नाव म्हणून घेतलं. मुलाने पुढचा फोटो लावला. काचेपलीकडे माझ्या डोळ्यांना धार लागली होती, कारण राजुल गेल्यापासून ह्यांनी मला त्या नावाने कधी हाक मारली नव्हती. खरं तर कोणत्याच नावाने मारली नव्हती.

राजुल आमची एकुलती एक. पुण्याला शिकायला होती. एकोणिसाव्या वर्षी डेंग्यूने गेली, आठवडाभरात. तिचं नाव बारशाला आत्याने, म्हणजे माझ्या नणंदेने, कानात सांगितलं होतं. मला केतकी हवं होतं. मला न विचारता नाव ठेवलं म्हणून मी नणंदेशी वर्षभर धड बोलले नव्हते. आता दोघीही नाहीत, आणि मी अजून ते भांडणच आठवतेय.

तर, स्मरणी बसल्यावर माझं घर परकं झालं.

आधी हे मला ओळखत नव्हते, पण माझ्या हातचं खात होते. माझ्या पदराला हात पुसत होते. संध्याकाळी मी शेजारी बसले की त्यांचा जीव शांत व्हायचा. कोण हे ठाऊक नव्हतं, पण आपलं कोणीतरी आहे एवढं कुठेतरी ठाऊक होतं. आता मी खोलीत गेले की हे दचकून उठायचे. दाराला आतून कडी लावायचे. एकदा मी पाण्याचा तांब्या ठेवायला गेले तर ह्यांनी मोटारीचा लोखंडी सांगाडा दोन्ही हातांत उचलून छातीशी धरला, ढालीसारखा. हे मोटार रिवाइंडिंगवाले. यंत्रमागांच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची, तांब्याच्या नव्या तारेची वेटोळी भरायची, यात जन्म गेला. आता मोटार जळली की लोक फेकून नवी लावतात. दुकान कधीच बंद झालं, पण हाताला चाळा म्हणून एक सांगाडा मी टेबलावर ठेवला होता.

सगळ्यात वाईट जेवणाचं. आम्ही जैन. हे सूर्य मावळल्यावर पाण्याशिवाय काही घेत नाहीत, आणि आजाराने सगळं नेलं तरी हा नेम काही नेला नाही. अनोळखी बाईच्या हातचं खायचं नाही, आणि दिवस बुडाल्यावर तर खायचंच नाही. पहिले काही दिवस हे उपाशीच झोपले. मग मी अण्णांना हाक मारली.

"वैनी, मी देतो की ताट, त्यात काय," अण्णा म्हणाले. मी भाकरी करायची, ताट वाढायचं, ते भिंतीवरून अण्णांच्या हातात द्यायचं, आणि अण्णा पुढच्या दाराने आत येऊन म्हणायचे, "भूपाल, आमच्या हिनं दिलंय बघ." हे पोटभर जेवायचे. मी स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहून माझ्याच आमटीचं कौतुक अण्णांच्या बायकोच्या नावावर ऐकायची. भीक नको पण कुत्रा आवर, अशी माझी गत झाली. बिचाऱ्या अण्णांचा यात काय दोष, पण त्या दिवसांत मला त्यांचा राग येई.

मी मिरजेला फोन करकरून त्यांना हैराण केलं. शेवटी त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. ह्यांना अण्णांनी रिक्षात बसवलं आणि मी मागच्या रिक्षाने गेले.

केंद्रात तस्नीम मुल्ला नावाची मुलगी भेटली. स्मरणीच्या आतलं लिखाण, म्हणजे तिचा प्रोग्रॅम, सांभाळणाऱ्यांपैकी ती एक. तिने मला चहा दिला, आणि गोड बोलून वेळ मारून नेली नाही.

"काकू, बिघाड यंत्रात नाही, आमच्या लिखाणात आहे," ती म्हणाली. "काकांनी तुमचं नाव म्हणून 'राजुलची आई' सांगितलं. यंत्र नाती ओळखतं. त्याने आधी राजुल नावाचा कप्पा केला आणि तुमचं सगळं त्या कप्प्यात ठेवलं. तुमची एक फाईल झालीच नाही."

"कप्पा काय आणि फाईल काय, उघडली म्हणजे झालं."

"तुमच्याकडे मिसळणाचा डबा असेल ना? मोहरी, हळद, तिखट, वाट्या वाट्या? स्मरणीला फक्त वाटी उचलून भाजीत टाकता येते. तिच्या हातात वाटी म्हणून अख्खा डबा आला. ती म्हणते, ही वाटी नव्हे, मला उघडता येत नाही."

"मग तसं सांगायचं ना तिने!"

"तीच आमची चूक," तस्नीम म्हणाली. "फाईल नसणं, फाईल खराब होणं आणि फाईलीच्या जागी कप्पा निघणं, या तीन वेगळ्या गोष्टी. आम्ही तिन्हींना एकच उत्तर लिहून ठेवलं. काहीही अडलं की माणूस अनोळखी समजायचा आणि पेशंटला सावध करायचं. एका आजोबांनी चोराला भाऊ समजून घरात घेतलं होतं, तेव्हापासून. चुकीची ओळख पटण्यापेक्षा न पटलेली बरी, असं वाटलं. बाकी सगळ्यांची एकेक फाईल असते, म्हणून हे कोणाच्या लक्षात आलं नाही."

म्हणजे अण्णा एका वाटीत मावले, शिडीसकट. मी मावले नाही, म्हणून मी चोर ठरले. एवढं ऐकून मला रडू यायला हवं होतं, पण मला हसू आलं, आणि तस्नीम घाबरून माझ्याकडे बघत राहिली.

तिने कप्पा उघडता येईल असं नवं लिखाण तयार केलं होतं. ते थोडा वेळ लावून बघायचं ठरलं. हे खुर्चीत बसले होते. मी समोर बसले, केस सारखे केले. तस्नीमने कळ दाबली.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. चेहरा असा उजळला की मला आमच्या तरुणपणीचे हे दिसले.

"राजुलची आई," हे म्हणाले. "अगं, किती वाळलीस! होतीस कुठं तू?"

"हितंच होते. कुठं जातेय," मी म्हणाले आणि त्यांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही. अंगठ्याने माझी बोटं चाचपली. तेवढ्यासाठी मी जन्मभर उपाशी राहिले असते.

"आणि राजुल? ती न्हाई आली?"

मी काही बोलायच्या आत त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी बदललं. डबा अख्खा उघडला होता. मोहरी काय, हळद काय, सगळंच एकदम आलं.

"ती गेली न्हवं?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. यानंतर ह्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी पूर्वी एकदाच ऐकला होता, पुण्याच्या दवाखान्यात. हे खुर्चीतून घसरले. "माझी पोर, माझी पोर," म्हणत जमिनीवर हात आपटायला लागले. तस्नीमने घाईने कळ बंद केली.

थोड्या वेळाने हे शांत झाले. आपण खाली का बसलोय ते त्यांना कळेना. तस्नीमने त्यांना उठवून खुर्चीत बसवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा मागे सरकले आणि तिला हळूच विचारलं, "ह्या बाई का रडायल्यात?"

ह्यांना दुसऱ्या खोलीत नेल्यावर मी तस्नीमला विचारलं, "असंच ठेवलं तर?"

"तुम्हाला बघितलं की हे होणार."

"दर वेळी? मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तरी?"

"दर वेळी, काकू. आणि प्रत्येक वेळ पहिलीच असणार. कप्प्यात सगळ्यात जास्त वेळा उघडलेली आठवण तीच आहे."

म्हणजे इतकी वर्षं हे मुकाट्याने वेटोळी भरत बसायचे तेव्हा मनात दवाखानाच उघडत असायचे. मला म्हणायचे, तार जुळवतोय. मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. एका घरात राहून आम्ही दोघं एकाच पोरीसाठी वेगवेगळे रडलो.

"चकती काढून टाकली तर?"

"मग अण्णाही जातील, शिडीही जाईल. आणि पहिल्यासारखे तुमच्याजवळ निवांत बसतील असंही नाही. आजार तेव्हापेक्षा पुढे गेलाय. चकती काढल्यावर दोन-चार महिन्यांत घास गिळायचाही विसरतात काही जण." तस्नीमने नोंदणीचा कागद पुढे ओढला. "एक रस्ता आहे. कप्प्याच्या बाहेर तुमची एक सुटी आठवण पडलीय. राजुलच्या आधीची, म्हणून ती कप्प्यात गेली नाही. मला ती बघता येत नाही, पण नोंदणीच्या वेळी काका पुटपुटले होते ते लिहिलंय. 'तारदाळची मुलगी, निळी छत्री.' कळतंय का काही?"

कळत होतं. माझं माहेर तारदाळचं. बाबांचे चार माग होते. एकदा मोटार जळाली, बाबांना ताप, म्हणून मी निरोप घेऊन ह्यांच्या दुकानात गेले. ऊन फार होतं, छत्री होती. "बाबा म्हणालेत, घाई करू नका पण नीट करा," एवढंच मी बोलले होते. हे म्हणाले, "उद्या या." लग्न त्यानंतर वर्षाने झालं.

"ती तुमच्या चेहऱ्याला जोडली तर काका तुम्हाला ओळखतील," तस्नीम म्हणाली. "घाबरणार नाहीत. सुरकुत्या दिसतील, पण मन जुळवून घेतं. फक्त तुम्ही ती मुलगी असाल. बायको नाही."

"आणि कप्पा?"

"त्याची वाट बंद करावी लागेल. आणि न उघडलेलं या आजारात हळूहळू जातं, काकू."

राजुलचं पहिलं पाऊल, तिचा तोतरेपणा, सायकलवरून पडून फुटलेली हनुवटी, हे सगळं जगात आम्हा दोघांनाच ठाऊक. ह्यांच्यातून ती पुसायची म्हणजे तिला अर्धं पुन्हा स्मशानात पोचवायचं. आणि ते मी माझ्या हाताने करायचं. ठेवायची म्हणजे ह्यांना रोज, प्रत्येक ताटाला, मारायचं. काचेतून मला हे दिसत होते. ऊन उतरायला लागलं होतं आणि मी आणलेला डबा त्यांच्यासमोर तसाच बंद होता. ते खिडकीतून सूर्याकडे बघत होते, भुकेले.

"जोड," मी म्हणाले. "पण आधी त्यांना कोणाच्या तरी हातानं जेवायला घाल."

घरी आल्यावर मी भिंतीवरचा राजुलचा फोटो उतरवला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला. खिळा तेवढा राहिला.

आता हे मला बघून दचकत नाहीत. टेबलाशी सांगाडा घेऊन बसलेले असतात. मी दारात दिसले की गडबडीने शर्टाची वरची गुंडी लावतात.

"या, बसा की. तुमच्या बाबांची मोटार झाली न्हाई अजून."

"घाई नाही," मी म्हणते. "नीट करा. आधी जेवून घ्या, दिवस बुडतोय."

"तुम्ही कशाला तरास घेतला?" असं म्हणत, लाजत लाजत, माझ्या हातचं ताट घेतात आणि सगळं संपवतात. अण्णांनी एकदा खिडकीतून ते पाहिलं आणि घरी जाऊन बायकोला सांगताना रडले म्हणे. मला तेवढं पुरत होतं. पुरवून घेत होते.

परवा जेवण झाल्यावर ताट माझ्या हातात देताना हे घुटमळले.

"रागावणार नसाल तर एक विचारू? तुमचं नाव काय?"

मी पदर सारखा केला. "त्रिशला."

"त्रिशला," हे म्हणाले. सावकाश, मोटारीचा आवाज कान देऊन ऐकावा तसं स्वतःचंच ऐकत. "चांगलं नाव आहे." चाळीस वर्षं वाट बघितली त्या हाकेची, आणि ती आली तेव्हा मी तारदाळची कोणीतरी होते. तरी आली, हे काही मी नाकारणार नाही.

मी ताट घेऊन वळले तर पाठीमागून हे म्हणाले, "नावाचं मला लई वेड आहे बघा. अजून लग्नाचा पत्ता न्हाई, पण मुलीचं नाव कवाच ठरवून ठेवलंय. आमच्या बहिणीला सांगून ठेवलंय, पोरगी झाली तर बारशाला हेच सांगायचं कानात. राजुल."

मी वळून बघितलं. म्हणजे नणंदेने नव्हतं ठेवलं. ह्यांनीच ठेवलं होतं, ती व्हायच्या आधी, मला धड ओळखतही नव्हते तेव्हा. मी जिच्यापासून ह्यांना लांब न्यायला ही एकच आठवण निवडली, ती पोर तिथेही होतीच. अजून जन्मली नव्हती, म्हणून मेलीही नव्हती. हे हसत होते आणि माझ्या उत्तराची वाट बघत होते.

"कसं वाटलं नाव?"

केतकी म्हणावं असं मला एकदाही वाटलं नाही.

"छान आहे," मी म्हणाले. "हेच ठेवा. पण तिला जपा."

"म्हणजे काय," हे म्हणाले, "जपणारच की. का न्हाई जपणार?" आणि तारेचं टोक शोधून त्यांनी पुन्हा वेटोळी भरायला घेतली.